नाव नको, मौजा सांगा

आमच्या दुकानात जुनी नक्कल काढायला येणारा माणूस सुरुवात आडनावापासून करतो. "मॅडम, आमचं आडनाव अमुक. पणजोबापर्यंतचं काही निघते का पाहा ना." मी विचारते, मौजा, म्हणजे सरकारी कागदातलं गाव, कोणता? तो जिल्हा सांगतो. मी म्हणते, जिल्हा नको भाऊ, मौजा सांगा. मग तो आईला फोन लावतो, आई मोठ्या काकाजीला विचारते, आणि काकाजी तिकडून ओरडतात, "अरे ते गाव तं आता रिठ झालं!" रिठ म्हणजे ओसाड पडलेलं गाव. झालं, तिथून आमचं काम सुरू.

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (त्या दाखल्याची पडताळणी), वारसान, पीक विमा, सगळं करते. पण लोकांना घराण्याची आठवण होते ती पोरीला इंजिनिअरिंगला नंबर लागल्यावर. तेव्हा जात पडताळणी समितीला वंशावळ लागते, आणि तिच्या जोडीला जुना पुरावा. तो किती जुना, हे प्रवर्गावर आहे: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. या तारखा मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ आहेत. कागद मिळाला की लोक फाइल लॅमिनेट करून कपाटात ठेवतात आणि विषय संपतो. माझा नाही संपला. पोरीची व्हॅलिडिटी काढता काढता मी माझ्या माहेरच्या पणज्याच्या मागे लागले, ती अजून लागलेलीच आहे. त्यात जे कळलं ते इथं सांगते.

आडनाव का नको, ते आधी. जुन्या कागदात ते नसतंच. असतं ते असं: "गोविंदा वल्द सोमा, जात कुणबी, राहणार मौजा अमुक". वल्द म्हणजे मुलगा. बाई असेल तर "जौजे गोविंदा", म्हणजे गोविंदाची बायको, आणि बहुतेक वेळा तिचं स्वतःचं नाव नाहीच. आमच्या घरात आडनाव पहिल्यांदा दिसतं ते माझ्या बाबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, १९५१ साली. त्याच्या आधी आम्ही नुसते सोमाचे, गोविंदाचे. म्हणून तीन गोष्टी हातात घेऊन निघायचं: मौजा, बापाचं नाव, जात. यातलं मौजा सुटलं तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग नाही, कारण एका तहसीलीत गोविंदा वल्द सोमा कुणबी चार तरी निघतात. ज्यांच्या घराण्यानं १४ ऑक्टोबर १९५६ नंतर धम्म स्वीकारला त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: जातीच्या रकान्यात पुढे बौद्ध लागतं आणि पोरांची नावंही बदलतात. बाप आणि मौजा जुळत असेल तर नाव वेगळं दिसलं म्हणून पान उलटू नका.

सुरुवात कचेरीत करू नका, घरात करा, आणि दिवस निवडून करा. आमच्याकडे आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात. त्या दिवशी घरातली जुनी बाई नावं घेते. एरवी "आज्याच्या बापाचं नाव काय" असं विचारलं तर "काय माहीत बाप्पा" हेच उत्तर येतं. घागर समोर असली की तीच बाई चार नावं ओळीनं घेते आणि वरून सांगते की अमक्याला बासुंदी आवडायची. माझ्या मोठ्या आईनं अशीच नावं घेतली: किसन, गोविंदा, सोमा. सोमाच्या पुढे तिनं हात नदीकडे केला. "तो तिकडचा. पल्याडचा." मी फोनवर आवाज भरून घेतला होता. हे नक्की करा, कारण त्या "तिकडचा"मध्ये काय होतं ते मला दोन वर्षांनी कळलं.

आमचं माहेर वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावर, आष्टी तहसीलीत. पलीकडे मोर्शी. आज दोन्हीकडे संत्रा आणि दोन्हीकडे तेच पाव्हणे. पण जुन्या कागदांसाठी ही नदी म्हणजे सीमा होती. पल्याड वऱ्हाड, निजामाचं, जे १८५३च्या तहानं कंपनीच्या ताब्यात गेलं. अल्याड नागपूरकर भोसल्यांचं राज्य, तेही त्याच सुमारास खालसा झालं आणि १८६१मध्ये मध्य प्रांतात गेलं. पल्याड रयतवारी: शेतकरी थेट सरकारचा खातेदार, सर्व्हे नंबर त्याच्या नावावर. अल्याड मालगुजारी: गावाचा सारा मालगुजार भरणार, तुमचा पणजा त्याच्याखालचं कूळ. म्हणून पल्याडच्या माणसाचं नाव सर्व्हेच्या कागदात सरळ सापडतं, आणि अल्याडच्या माणसाला मालगुजाराच्या गावाच्या खसऱ्यात (शेतांच्या यादीत), जमाबंदीत (साऱ्याच्या यादीत) शोधावं लागतं. घराणं नदी ओलांडून आलं असेल तर शोधण्याची रीतच बदलते. मी वर्षभर पल्याडच्या सोमाला अल्याडच्या कागदात शोधत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी चूक तहसीलीची. आज आष्टी वेगळी तहसील आहे, कारंजा वेगळी. पण इंग्रजांच्या वेळी वर्धा जिल्ह्याला तीनच तहसीली होत्या: वर्धा, आर्वी, हिंगणघाट. म्हणजे आमचं जुनं दप्तर आर्वीच्या नावावर. जिल्ह्यांचंही तसंच. गडचिरोली १९८२मध्ये चांद्यातून निघालं, वाशीम १९९८मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९मध्ये भंडाऱ्यातून. वर्धा जिल्हा स्वतः १८६२मध्ये नागपुरातून निघाला. ज्या वर्षाचा कागद हवा त्या वर्षी तुमचं गाव कोणत्या तहसीलीत होतं, हे आधी काढा, मग गाडीत पेट्रोल टाका.

हे काढायला गॅझेटिअर कामाला येतं. इंग्रजांनी जिल्ह्याजिल्ह्याचं एकेक पुस्तक केलं. वऱ्हाडाचं एक १८७०मध्येच निघालं, मध्य प्रांताचंही त्याच वर्षी. मग वर्धा १९०६, नागपूर आणि भंडारा १९०८, अमरावती १९११, अशी जिल्हावार मालिका आली. स्वातंत्र्यानंतर राज्याच्या दर्शनिका विभागानं नवी काढली आणि ती संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. इंग्रजी जड वाटत असेल तर कॉलेजातल्या पोराला जवळ बसवा. त्यात तुमचा पणजा सापडणार नाही. तिथं मोठ्या मालगुजार घराण्यांची नावं आहेत, बाकीचे सगळे आकड्यात. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडे काउंटीचे जाडजूड इतिहास आहेत, १८७०-८०च्या काळात निघालेले. पैसे भरून पुस्तक घेणाऱ्या शेतकऱ्याचं चरित्र त्यात छापून यायचं, आजोबा कुठून आले, किती एकर घेतली, सगळं कौतुकानं. मी म्हटलं, आमच्याकडे ते कौतुक फक्त मालगुजाराच्या वाट्याला आलं, आणि त्याला पैसेही भरावे लागले नाहीत.

मग गॅझेटिअर वाचायचं कशाला? माणूस का हलला, हे कळायला. दुष्काळ कोणत्या साली, रेल्वे कधी आली, बाजार कोणत्या गावी भरायचा, कापूस कुठे जायचा. १८९९-१९००च्या मोठ्या दुष्काळाबद्दल वाचलं तेव्हा मोठ्या आईचं "गोविंदा टोपलं डोक्यावर घेऊन आला" हे वाक्य मी बाजूला काढून ठेवलं. एक मात्र सांगते: त्या पुस्तकांत जातींबद्दल साहेबांनी जे लिहून ठेवलं आहे, कोण आळशी, कोण कष्टाळू, ते उचलून आपल्या वंशावळीच्या प्रस्तावनेत घालू नका. एका गृहस्थानं माझ्याकडून तसं टाइप करून घेतलं. मी केलं, पैसे घेतले, पण मला ते आवडलं नाही. मराठीत वाचायचं तर या. मा. काळे यांचा "वऱ्हाडचा इतिहास" जुन्या वाचनालयात मिळतो. परगणे, देशमुख-देशपांडे घराणी, गढ्या यांसाठी तो चांगला.

आता दगडाकडे येते, कारण माझी फजिती तिथं झाली.

आपल्यात बहुतेकांना जाळतात, मग समाधी कुठून आली, असं शहरातले लोक विचारतात. गावात फिरा, कळेल. अस्थीतलं थोडं वावरात धुऱ्यावर (बांधावर) किंवा विहिरीजवळ पुरून वर ओटा बांधायची रीत कितीतरी घरांत आहे. ओट्यावर पादुका नाहीतर पिंड. साप चावून गेलेला किंवा लहान लेकरू पुरतात. लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांना समाधीच देतात. महानुभावांत निक्षेप असतो, म्हणजे पुरतात. त्यांचं रिद्धपूर आमच्या पल्याड मोर्शी तहसीलीतच आहे, त्यामुळे हा शब्द आमच्या कानावरचा. गोंड-माडियांत पुरून दगड उभा करतात. मुसलमानांचं कब्रस्तान, ख्रिस्ती दफनभूमी वेगळी. गावच्या मोक्षधामात नवी शेड आणि बाक दिसतील, जुनं काही नसेल. जुनं असतं ते वावरात. म्हणून मोक्षधामात जाऊ नका, धुऱ्यानं फिरा, आणि ज्याचं वावर आहे त्याला विचारून फिरा. हंगामात तुरीत शिरलात तर पूर्वज राहतील बाजूला, आजचा मालकच भेटेल.

माझ्या काकाच्या वावराला लागून एक ओटा आहे. निंबाखाली, काळ्या दगडाचा, वर पांढऱ्या ऑइल पेंटचे थर. काकाजी म्हणाले, "हा आपला गोविंदाआबाच. लहानपनापासून पाहून राह्यलो." मला आनंद झाला. मार्गशीर्षात एका संध्याकाळी चारच्या पुढे गेले, ऊन आडवं असताना. हीच वेळ बरी, नाहीतर सकाळची. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कोरलेलं अक्षर दिसतच नाही. सोबत पाण्याची बाटली, मऊ जुना टूथब्रश, बांबूची चोय (चपटी काडी) आणि छोटा आरसा. आरशानं ऊन बाजूनं टाकलं की अक्षराच्या खाचेत सावली पडते. तारेचा ब्रश, ॲसिड, घासणी यांतलं काही लावू नका. दगडाचा वरचा पापुद्रा गेला की अक्षरही जातं, आणि ते परत येत नाही. पीठ, खडू चोळून फोटो काढतात, तेही नको. रंगाचा थर चोयीनं हळूच उचलला. एका जागी इतका वेळ उकिडवं बसले की पाय मुंग्यांनी भरले.

पहिलं आलं ते "श्री". मग "गोवींदा", वी दीर्घ. मग "शके १८". पुढचा आकडा गेलेला, तिथं कोणीतरी कोयता पाजळला असावा अशी सरळ चीर. मग "०". म्हणजे १८ कितीतरी ०. त्याच्या खाली "कालयुक्त", आणि शेवटी "आश्वीन व॥ ७".

आकडा गेला तरी संवत्सराचं नाव राहिलं असेल तर काम होतं, हे सगळ्यांनी लिहून ठेवा. साठ संवत्सरं आहेत आणि ती साठ वर्षांनी परत येतात. शक घ्यायचा, त्यात १२ मिळवायचे, ६०नं भागायचं, जी बाकी उरेल तो क्रमांक. प्रभव पहिला, कालयुक्त बावन्नावा. बावन्न बाकी देणारे जवळपासचे शक तीनच: १७८०, १८४०, १९००. सुरुवात १८नं आहे म्हणजे १८४०. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १९१८. (तिथी १ जानेवारीनंतरची, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९ मिळवावे लागतात. आश्विनाला ७८.) कुठं संवत् लिहिलेला असेल तर ५७ वजा करा. जुन्या वऱ्हाडी कागदावर फसली सन असेल तर ५९० मिळवा.

१९१८चा आश्विन वद्य म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. गावंच्या गावं झोपली होती तेव्हा. मला तिथंच रडू आलं. काकाजींनी नारळ फोडला. त्यापुढची दोन वर्षं आखजीला मी त्या ओट्यावर नैवेद्य नेला, पुरणपोळी आणि वर तूप.

मग कोतवाल बुक आलं.

विदर्भातल्या माणसानं हा कागद सोडूच नये. जन्म-मृत्यूची गावची नोंद कोतवाल ठेवायचा, वही घेऊन ठाण्यावर जायचा. बहुतेकदा कोतवालाला स्वतःला लिहिता येत नसे, त्यामुळे अक्षर मास्तरचं, पटवाऱ्याचं किंवा शिपायाचं. त्याचं तोंड आणि यांचा हात, म्हणून एकच नाव चार तऱ्हेनं. गोविंदा, गोयंदा, गोंदा, गोविन्द्या. चारही तपासा. जन्माच्या नोंदीत लेकराचं नाव नसतं, फक्त "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव. म्हणून आजोबांचं नाव शोधत बसू नका, त्यांच्या बापाचं शोधा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं. वयावर विश्वास ठेवू नका, सगळे चाळीस, पन्नास, साठ या गोल आकड्यांवरच मरतात. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, हैजा, ताप. १९१८ची पानं उघडली तर एका गावाच्या एका महिन्याला पानं पुरत नाहीत, आणि लिहिणाऱ्यानं शेवटी शेवटी कारण लिहायचंच सोडून "वरीलप्रमाणे" केलेलं असतं. ती पानं मी बसून वाचली नाहीत, फोटो काढून घरी आणले.

ही बुकं तहसीलीच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज साध्या कागदावर, कोर्ट फी स्टॅम्प लावून, मौजा आणि साल लिहून. एक साल लिहू नका, "१९०५ ते १९३५" असं लिहा. नाहीतर एकच पान पाहून "नोंद आढळत नाही" असा शेरा मिळतो. मला एका कचेरीत तो तीनदा मिळाला. चौथ्यांदा दप्तर पाहू देण्याची परवानगी मागितली, त्यांनी दिली, आणि तीच नोंद मीच अर्ध्या तासात काढली. वाळवीनं खाल्लेल्या पानाचा "जीर्ण" असा लेखी शेरा मागून घ्या, तो समितीपुढे कामाला येतो. अक्षर मोडीत असेल तर घाबरू नका, पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तिथं शिकलेली माणसं आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्याच विभागाचं कार्यालय नागपूरला आहे, जुनी सरकारी दप्तरं पाहायची तर तिथं जावं लागतं.

तर त्या अर्ध्या तासात काय निघालं? आजोबांच्या धाकट्या भावाची जन्मनोंद. सन १९२३. "मुलगा. बाप गोविंदा वल्द सोमा, कुणबी." आणि पुढे १९३१च्या पानावर: "गोविंदा वल्द सोमा, पुरुष, वय ५५, ताप".

१९१८मध्ये मेलेला माणूस १९२३मध्ये बाप कसा होईल? मी तिथंच बाकावर बसले. दोन वर्षं मी कोणा दुसऱ्याच गोविंदाला पुरणपोळी नेत होते. काकाजींना सांगितलं तर ते थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे पोरी. त्याचं बी कोनी करनारं नोहतं असंन." तो गोविंदा कोण, हे अजून कळलेलं नाही. ओट्यावर बापाचं नाव नाही, जात नाही. नैवेद्य काकाजी अजून नेतात. मी नाही म्हटलं नाही.

म्हणून दगड एकटा कधी घेऊ नका. दगडाला कागद जोडा, कागदाला माणूस. आणि जिथं जुन्या समाधीवर नातवानं चकचकीत टाइल्स आणि नवी संगमरवरी पाटी लावली आहे तिथं पाटीवरची तारीख खरी मानू नका. ती बापाच्या आठवणीतून आलेली असते. टाइल्सच्या खाली काय होतं, ते मिस्त्रीला विचारा. एका मिस्त्रीनं मला सांगितलं, "दगडावर काहीतरी होतं खरं, पण मी उलटा बसवला, पाया चांगला लागला."

जमिनीचे कागद मी थोडक्यात सांगते, त्यावर मदत करणारे खूप आहेत. अल्याडच्या जिल्ह्यांत मालगुजारी १९५०च्या कायद्यानं गेली आणि १९५४-५५ला अधिकार अभिलेख तयार झाला. तो आणि पेरेपत्रक (कोणी काय पेरलं त्याची नोंद) मागा, त्यात भूमिस्वामी, भूमिधारी म्हणून कुळाचं नाव पहिल्यांदा ठसठशीत येतं. त्यासोबत निस्तारपत्रक (गावच्या सामायिक जागांची नोंद) मागितलं तर गावची मसणवट कोणत्या नंबरात होती तेही कळतं. ज्यांना जुनी दफनाची जागा शोधायची आहे त्यांनी एवढं तरी करावंच, आज तिथं ढोरं बसत असली तरी नंबर कागदावर असतो. वारसाचा फेरफार वाचताना भावांची नावं आहेत पण बहिणी गायब, हे नेहमीचं. अमरावती, अकोल्यासकट काही जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार आता "आपले अभिलेख"वर स्कॅन करून आहेत, तेवढी खेप वाचते.

माणसांत भाट विसरू नका. भंडारा-गोंदियाकडे पोवारांचे भाट पोथी घेऊन फिरतात, यवतमाळकडे परधान किंगरीवर गोंडांच्या कुळांची गाणी सांगतात, आणि कूळ किती देवांचं, चार देवे का सात देवे, यावरून सोयरिकीचं अख्खं गणित लागतं. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यांच्या नामावळी आहेत, तिथंही आडनावापेक्षा गाव सांगितलं की पान लवकर उघडतं. आमचे लोक रामटेकच्या अंबाळ्यावर अस्थी नेणारे, त्र्यंबकला कोणी गेलंच नव्हतं, त्यामुळे तिथं माझ्या हाती काही लागलं नाही.

राहिला सोमा, "तिकडचा". त्याचं गाव मोठ्या आईनं मागून सांगितलं होतं, पण मोर्शी तहसीलीच्या आजच्या यादीत ते नव्हतं. कारण ते पाण्याखाली आहे. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झालं तेव्हा दोन्ही काठांची गावं उठली. ज्यांचं मूळ गाव बुडितात गेलं त्यांनी भूसंपादनाचा निवाडा मागावा. तो वंशावळीसाठी इतका कामाचा असेल असं मला वाटलं नव्हतं. कोणाचं किती वावर, कोणाचा किती हिस्सा, विहीर बांधीव का कच्ची, आंब्याची झाडं किती, घराला माडी होती का, सगळं. त्यात एका सामायिक विहिरीच्या हिस्सेदारांत दोन नावं दिसली, आणि दोघांच्या आज्याचं नाव सोमा. पुनर्वसनाच्या गावात जाऊन विचारलं तर तिसऱ्याच घरी चहा मिळाला.

त्या घरातल्या काकांनी मला गावाबाहेर नेलं. नव्या मोक्षधामाच्या कुंपणाला टेकून दोन दगड. "गाव उठलं तवा मारुती ट्रॉलीत आनला, त्याच्यामागं हे दोन. खाली काही नाही, खालचं तिकडंच राह्यलं." म्हणजे दगड आहे तिथं माणूस नाही, हाही एक प्रकार असतो. एकावर पादुका आहेत, दुसऱ्यावर अक्षरं, पण त्यांवर सिमेंट गेलं आहे. ते मी खरवडलं नाही. सोमा असेल किंवा नसेल. एकदा चूक केली आहे.

परत निघताना त्यांच्या आईनं थांबवलं. नव्वदीच्या घरातली बाई. "गोविंदाची म्हंजे भागरताची पनती का तू? थांब." आतून एक पितळी गंज, म्हणजे भांडं, आणला, बुडाला चेपलेला. गोविंदा नदी उतरून गेला तेव्हा वाटणीत इकडे राहिलेला. काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं. मी आरसा काढला. "भागरता हीस मामाकडून." माझ्या पणजीचं नाव मला पहिल्यांदा दिसलं. इतक्या वर्षांच्या कागदांत ती नुसती "जौजे गोविंदा" होती. घरातल्या जुन्या भांड्यांच्या कडा मोडीत घालायच्या आधी वाचा, बायांची नावं तिथं सापडतात.

"मामाकडून"च्या पुढे मामाचं गाव आहे: "मौजे पिंपळ", आणि त्यापुढे पोचा. पिंपळखुटा असेल, पिंपळगाव असेल. दोन्ही नावांची गावं वऱ्हाडात किती आहेत ते मोजायला मी दुकानात आल्याआल्या यादी उघडली. तेवढ्यात समोर एक पोरगा येऊन उभा राहिला, "मॅडम, आमचं आडनाव अमुक..." सवयीनं मी विचारणार होते, मौजा कोणता. त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही.